किंशुकवृक्ष आणि साकुरा : जपानमधील पुष्पदर्शनाच्या स्थळांचा पूर्वेतिहास

सुरत–भुसावळ लोहमार्गावरून येणारी गाडी नवापूर सोडून खांडबाऱ्याच्या दिशेने येऊ लागली म्हणजे, महिना फाल्गुनाचा असेल तर, दोन्ही बाजूंच्या माळांवर व शेतांच्या बांधांवर पळस फुललेला दिसतो. झाडावर पान म्हणून नसते. काळसर, वेड्यावाकड्या फांद्या आणि त्यांवर केशरी फुलांचे घोस एवढेच काय ते असते. ताप्ती खोऱ्यातील हा लोहमार्ग 1900 साली सुरू झाला. तेव्हापासून प्रतिवर्षी हजारो प्रवाशांनी हे दृश्य खिडकीतून पाहिले असेल. परंतु ते पाहण्यासाठी म्हणून खांडबारा स्थानकावर कोणी उतरल्याचे ऐकिवात नाही. गावकऱ्यांचे लक्ष त्या दिवसांत पळसापेक्षा मोहाकडे अधिक असते. मोहाचे फूल पहाटे गळते. ते उन्हे चढण्यापूर्वी वेचावे लागते, वाळवावे लागते, आणि त्यावर अनेक भिल्ल, मावची व गावित कुटुंबांचे उन्हाळ्यातील चार पैसे अवलंबून असतात. फूल म्हणजे येथे काम आहे.

याच सुमारास किंवा किंचित मागाहून जपानमध्ये साकुरा फुलतो आणि त्या देशातील लक्षावधी लोक केवळ फुले पाहण्यासाठी घराबाहेर पडतात. या रिवाजास ‘हानामी’, म्हणजे पुष्पदर्शन, असे म्हणतात. महाराष्ट्रातील उपासकांना जपान आता पूर्वीइतका परका राहिलेला नाही. 10 सप्टेंबर 2015 रोजी वाकायामा प्रांतातील कोयासान विद्यापीठात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले, आणि त्या पर्वताचे नाव आपल्याकडील घराघरांत पोहोचले. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याचा हटकून एक प्रश्न असतो : साकुरा पाहावयाचा तर कोठे पाहावा? प्रवासी मंडळ्यांच्या पत्रकांत या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्थळांची यादी मिळते. त्या यादीतील कितीतरी स्थळे मुळात विहारांची आवारे आहेत, ही गोष्ट मात्र पत्रकांतून क्वचितच कळते. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

परंतु जपानकडे वळण्यापूर्वी आपल्या पळसाकडे थोडे थांबावयास हवे. पळसाचे जुने नाव किंशुक. फुलाची वाकडी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते, म्हणून ‘हा शुक तर नव्हे?’ अशी त्या नावाची फोड सांगतात. पालि वाङ्मयात हा वृक्ष एका सुंदर दृष्टान्ताचा विषय झाला आहे. जातकसंग्रहातील 248 वी कथा किंसुकोपम जातक या नावाने प्रसिद्ध आहे. वाराणसीच्या राजा ब्रह्मदत्ताच्या चार पुत्रांना किंशुकवृक्ष पाहावयाचा होता. सारथ्याने चौघांना एकाच वेळी न नेता निरनिराळ्या ऋतूंत नेले. एकाने तो कळ्या फुटण्याच्या वेळी पाहिला, दुसऱ्याने पालवल्यावर, तिसऱ्याने बहरात आणि चौथ्याने शेंगा धरल्यावर. पुढे चौघे एकत्र बसले असता तो वृक्ष कसा असतो यावर वाद झाला. पहिला म्हणाला, जळक्या खुंटासारखा. दुसरा म्हणाला, वडासारखा. तिसरा म्हणाला, मांसाच्या गोळ्यासारखा. चौथा म्हणाला, शिरीषासारखा. राजाने निवाडा केला तो असा, की तुम्ही चौघांनीही वृक्ष पाहिला हे खरे, पण कोणत्या काळी तो कसा असतो हे सारथ्याला विचारले नाही. संयुत्तनिकायातही हाच दृष्टान्त एका स्वतंत्र सुत्तात आला आहे. निरनिराळ्या मार्गांनी एकाच सत्याप्रत पोहोचलेल्या भिक्षूंच्या संदर्भात तथागतांनी तो सांगितला. ज्याने पळसाची काळपट, मखमली कळी माघाच्या अखेरीस फांदीवर पाहिली आहे, त्याला पहिल्या राजपुत्राची उपमा किती नेमकी आहे हे वेगळे सांगावयास नको. ही कथा रचणाऱ्याने ते झाड वर्षभर पाहिले होते.

जपानमधील साकुराचा इतिहास वाचताना या चार राजपुत्रांची आठवण मला वारंवार होते.

आरंभी जपानी दरबारात मान होता तो साकुराला नव्हे, तर चीनमधून आलेल्या उमे या आलुबुखाराच्या जातीच्या फुलाला. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात उमेवरील कविता शंभरांहून अधिक आहेत, तर साकुरावरील चाळिसांच्या आसपास. नवव्या शतकात हे पारडे फिरले. 812 साली सम्राट सागा याने क्योतो येथील शिन्सेन-एन उद्यानात पुष्पदर्शनाचा समारंभ केल्याची नोंद मिळते. दरबारी हानामीचा आरंभ अभ्यासक सामान्यतः येथून धरतात. हे उद्यान आज अगदी लहान उरले असून ते शिंगोन पंथाच्या विहाराच्या ताब्यात आहे. कोयासानचे संस्थापक आचार्य कूकाई यांनी 824 साली याच उद्यानात पर्जन्यासाठी विधी केला अशी परंपरा आहे. फुलांची मेजवानी आणि दुष्काळातील याचना या दोन्ही गोष्टी एकाच तळ्याच्या काठी बारा वर्षांच्या अंतराने घडल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दरबारात मेजवान्या झडत असताना डोंगरांत वेगळेच घडत होते. नारा प्रांतातील योशिनो हा पर्वत साकुरासाठी साऱ्या जपानात अग्रगण्य समजला जातो. तेथे सुमारे 30,000 वृक्ष आहेत. ते मुख्यत्वे यामाझाकुरा या रानटी जातीचे असून त्यांची तांबूस कोवळी पालवी फुलांबरोबरच फुटते. हे वन आपोआप वाढलेले नाही. सातव्या शतकातील एन नो ग्योजा या तपस्व्याने झाओ गोंगेन या उग्र रक्षकदेवतेची मूर्ती साकुराच्या लाकडात कोरली अशी आख्यायिका आहे. त्यामुळे योशिनोत हा वृक्ष पवित्र मानला गेला, आणि येणारा प्रत्येक यात्रिक रोप अर्पण करू लागला. शतकानुशतके डोंगर चढणाऱ्या लोकांनी लावलेले ते वन आहे. ती बाग नव्हे, ते दान होय. एक झाड तोडेल त्याचे शिर आणि एक फांदी तोडेल त्याचे बोट जाईल, असा दंडकही तेथे सांगितला जाई. किंपुसेन्जी या तेथील विहारात एप्रिल महिन्यात आजही साकुराचे फूल मिरवणुकीने नेऊन अर्पण करतात.

या दानाला एकदा मोठे गंडांतर आले. 1868 नंतर मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध धर्म यांची सक्तीने फारकत केली. योशिनोच्या परंपरेचा शुगेंदो पंथ 1872 साली बंद करण्यात आला आणि किंपुसेन्जी विहाराचे रूपांतर शिंतो देवस्थानात झाले. 1886 साली त्याला विहाराचा दर्जा परत मिळाला. पण मधल्या काळात यात्रा ओसरली आणि झाडांचा वाली उरला नाही. ती झाडे जळाऊ लाकूड म्हणून विकण्याचा घाट घातला गेला असता दोकुरा शोझाबुरो या त्या भागातील वनव्यवसायी गृहस्थाने पदरचे पैसे देऊन ती वाचवली, असे तेथे सांगतात. पूजाविधी बंद पडताच पवित्र वृक्षाचा सरपणाचा भाव ठरावा, यात आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही. आपल्याकडील लेण्यांच्या वाट्याला काय आले हे आपण जाणतो.

योशिनो आणि कोयासान ही दोन्ही स्थळे कीई द्वीपकल्पात असून 2004 साली त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत एकाच नोंदीखाली समावेश झाला. या दोन पर्वतांना जोडणारे एक मोठे नाव म्हणजे भिक्षू सैग्यो. 1118 साली जन्मलेला सातो नोरिकियो हा निवृत्त सम्राट तोबा याच्या रक्षकदलातील योद्धा. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, 1140 मध्ये, त्याने शस्त्र खाली ठेवले, घर सोडले आणि प्रव्रज्या घेतली. पुढील सुमारे तीस वर्षे त्याचा मुक्काम मुख्यतः कोयासानवर होता. योशिनोच्या साकुरावनातही तो झोपडी बांधून राहिला असे सांगतात. सैग्योच्या मनात एक सल आयुष्यभर होता : सर्व त्याग केला असता फुलाविषयीची ही ओढ मात्र का सुटत नाही? आपले मरण वसंतात, दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, साकुराखाली यावे अशी इच्छा त्याने एका कवितेत व्यक्त केली होती. जपानी परंपरेनुसार तो भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. 1190 साली दुसऱ्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी कावाची प्रांतातील हिरोकावा विहारात सैग्योने देह ठेवला. एका दिवसाचेच काय ते अंतर पडले. समकालीनांवर या योगायोगाचा खोल परिणाम झाला.

कुसिनारा येथे शालवृक्ष अकाली फुलले आणि तथागतांच्या देहावर फुले गळू लागली, हा महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळी तथागत आनंदाला सांगतात, की एवढ्याने तथागताची पूजा होत नाही. जो धम्मानुसार वागतो तोच खरी पूजा करतो. सैग्योच्या मनातील सल हाच असावा असे मला वाटते.

सैग्योविषयी झेआमी या श्रेष्ठ नाटककाराचे मानले जाणारे ‘सैग्योझाकुरा’ हे नो नाटक येथे उल्लेखिले पाहिजे. सैग्योच्या आश्रमातील झाड फुलते, ते पाहण्यास शहरातून लोक लोटतात आणि एकांत भंगल्याने वैतागलेला भिक्षू सारा दोष त्या झाडाला देतो. रात्री वृक्षाचा आत्मा वृद्धाच्या रूपाने येऊन त्याला विचारतो, की फुलाने तुझे काय वाकडे केले? जग जाचक वाटते ते पाहणाऱ्याच्या मनामुळे. राजपुत्रांच्या कथेतील सारथ्याला कोणी प्रश्न विचारला नाही. येथे झाडच प्रश्न विचारते आहे.

झाडावर आपले मन लादण्याचा प्रकार पुढे राज्यकर्त्यांनी केला तो मात्र भयंकर होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानची सत्ता हाती आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने 1594 साली सुमारे पाच हजार लोकांचा लवाजमा घेऊन योशिनो गाठला. तीन दिवस पाऊस थांबेना तेव्हा संतापून त्याने डोंगराला आग लावण्याची धमकी दिली आणि घाबरलेल्या भिक्षूंनी रात्रभर प्रार्थना केली, अशी कथा आहे. 1598 च्या वसंतात त्याने क्योतोजवळील दाइगोजी या विहारात दुसरा समारंभ केला. 874 साली स्थापन झालेल्या या विहाराचा 951 सालचा पाच मजली पगोडा आजही उभा आहे. त्या आवारात हिदेयोशीने सुमारे 700 साकुरावृक्ष बाहेरून आणवून लावले आणि सुमारे 1,300 निमंत्रितांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, वारंवार नवी वस्त्रे देऊन मिरवले. दाइगोच्या हानामीचे वर्णन प्रवासी पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने येते. त्याच क्योतो शहरात आदल्याच वर्षी, म्हणजे 1597 मध्ये, एक टेकडी उभारली गेली होती. कोरियावरील स्वारीत मारल्या गेलेल्या हजारो माणसांची कापून, मिठात घालून आणलेली नाके तेथे पुरली आहेत. तिला मिमिझुका, म्हणजे कानांची टेकडी, म्हणतात. ती पुरताना विधी करण्यास भिक्षूच बोलावले गेले. दाइगोजीचे फूल पाहावयास जाणाऱ्याने ती टेकडीही पाहून यावे, असे मी आग्रहाने म्हणेन; शहराच्या त्याच पूर्व भागात ती आहे. हिदेयोशी त्या फुलांनंतर सहा महिन्यांच्या आत मरण पावला.

सामान्य जनांना हानामी खुली झाली ती एदो काळात, आणि तेथेही आरंभ विहारापासूनच होतो. आजच्या तोक्योतील उएनो उद्यान म्हणजे 1625 साली तेंदाई पंथाचे आचार्य तेंकाई यांनी स्थापिलेल्या कानेइजी विहाराचे आवार. योशिनोची रोपे आणून ती टेकडी त्यांनी साकुराने भरून टाकली. परंतु हा विहार सत्ताधारी तोकुगावा घराण्याचे स्मृतिस्थान असल्याने गाणे-बजावणे व मद्यपान यांस तेथे मज्जाव होता. म्हणून आठवा शोगुन योशिमुने याने 1720 च्या सुमारास आसुकायामा टेकडीवर आणि सुमिदा नदीच्या काठी मुद्दाम वेगळी झाडे लावून घेतली, आणि मोलमजुरी करणारा शहरी माणूस तेथे डबा बांधून जाऊ लागला. कानेइजीचा बहुतेक भाग 1868 च्या यादवी लढाईत जळाला. 1873 मध्ये त्या जागेचे सार्वजनिक उद्यान झाले. उएनोत फुलाखाली सतरंज्या पसरून बसणाऱ्या हजारो लोकांपैकी थोड्यांनाच आपण जळालेल्या विहारावर बसलो आहोत याची जाणीव असेल.

आज शहरांतून दिसणारा साकुरा बहुतांशी सोमेइ-योशिनो या जातीचा आहे. एदो शहराच्या कडेला असलेल्या सोमेइ या माळ्यांच्या गावावरून तिचे नाव पडले. ही सर्व झाडे कलमाने वाढवलेली, म्हणून अनुवंशाने एकच होत. त्यामुळे एका परिसरातील झाडे एकदम फुलतात व एकदम झडतात, आणि पाने फुटण्यापूर्वीच फुले येत असल्याने सारे दृश्य एकसारखे पांढुरके-गुलाबी दिसते. योशिनोच्या डोंगरावर एक झाड बहरात, शेजारचे कळ्यांत, तिसरे पालवलेले, असा प्रकार असतो. तेथे चौघा राजपुत्रांना एकाच दिवशी न्यावे! कलमी साकुराने हे वैविध्य संपवले. मेइजी काळात शाळा, छावण्या व नदीकाठ याच झाडांनी भरले गेले, आणि एकदम फुलून एकदम झडणारे फूल सैन्याच्या फार सोयीचे ठरले. सम्राटासाठी फुलासारखे गळून पडणे हे सैनिकाचे कर्तव्य म्हणून शिकवले जाऊ लागले. ऑक्टोबर 1944 मध्ये निघालेल्या पहिल्या आत्मघातकी विमानतुकड्यांपैकी एकीचे नाव ‘यामाझाकुरा’ होते. आणि वैमानिकासह शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या उडत्या बाँबला ‘ओका’, म्हणजे साकुराचे फूल, असे नाव देण्यात आले. एमिको ओनुकी-टियर्नी या विदुषीने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रूपांतराची, तसेच त्या तरुण वैमानिकांपैकी विद्यार्थिदशेतून ओढून नेलेल्यांच्या रोजनिशांची, सविस्तर चिकित्सा केली आहे.

येथे बौद्ध म्हणून आपल्याला एक कडू गोष्ट मान्य करावी लागते. अनित्यतेचा उपदेश या कामी वापरला गेला आणि जपानमधील अनेक पंथांच्या आचार्यांनी तो वापरू दिला. सोतो झेन पंथाने 1992 साली आपल्या युद्धकालीन वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. इतर काही पंथांनीही तसे केले. ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ हे वचन आसक्ती सुटावी म्हणून आहे. मरावयास निघालेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती ते देणे म्हणजे किंशुकवृक्ष जळका खुंट आहे असे म्हणून त्याला खरोखरच आग लावणे होय. गळणारे फूल तेवढे पाहिले. खोड, मुळे, पालवी, ते झाड लावणारा यात्रिक, यांपैकी काहीच पाहिले नाही.

साकुराच्या नोंदी ठेवण्याचे कामही पुष्कळ अंशी दरबारी मंडळी व भिक्षूंनी केले. त्यांच्या रोजनिशांतील उल्लेख जुळवून क्योतोमधील बहराच्या तारखांची मालिका नवव्या शतकापर्यंत मागे नेण्यात संशोधकांना यश आले आहे. 2021 साली तेथील पूर्ण बहर 26 मार्चला आला; तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या उपलब्ध नोंदींत इतका लवकर बहर दुसरा नव्हता. हवामानशास्त्रज्ञ या मालिकेकडे पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचा पुरावा म्हणून पाहतात. प्रवाशाने जुन्या पुस्तकांतील तारखांवर विसंबू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. मार्चच्या अखेरीस तोक्योत उएनो पाहावे. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्योतोस दाइगोजी. योशिनोस ओसाकाहून रेल्वेने जाता येते. तेथे बहर पायथ्यापासून शिखराकडे चढत जातो, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात केव्हाही गेले तरी डोंगराचा कोणता ना कोणता टप्पा फुललेला सापडतो. 888 साली पूर्ण झालेल्या क्योतोच्या निन्नाजी विहारातील साकुरा बुटका, माणसाच्या नजरेच्या उंचीवर फुलणारा आणि उशिराचा आहे. कोयासान सुमारे आठशे मीटर उंचीवर असल्याने तेथे फुले आणखी मागाहून, बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात येतात. 8 एप्रिलला जपानमध्ये भगवान बुद्धांची जयंती ‘हानामात्सुरी’, म्हणजे पुष्पोत्सव, या नावाने साजरी होते; त्या दिवशी अनेक विहारांत फुलांनी सजवलेल्या लहानशा मंडपात बाल सिद्धार्थाच्या मूर्तीवर गोड काढ्याचा अभिषेक करता येतो. गर्दी नको असेल त्याने हिरोकावा विहारात जावे. सैग्योची समाधी तेथे आहे.

खांडबाऱ्याच्या पळसाला अशी तारीख नाही आणि वेळापत्रकही नाही. होळीपर्यंत तो फुललेला असतो; पोरे फुले आणून उकळतात आणि रंग करतात. चैत्र संपता संपता त्याला पाने येतात, ती अर्थातच तीन-तीन. त्यांच्या पत्रावळी व द्रोण लावले जातात आणि लग्नसराईत त्यांवर पंगती उठतात. मुळ्या ठेचून दोर वळतात. वैशाखात चपट्या शेंगा वाळतात, वाऱ्याने सुटतात आणि त्यांतल्या काही लोहमार्गावरच्या खडीत येऊन पडतात.